ओपन सोर्समधले पहिले पाऊल: प्रकल्प शोधायचा कुठे आणि कसा?

गणेशोत्सवातल्या कार्यक्रमानंतर चहा घेताना आपल्या एका सभासदांच्या मुलीने मला विचारले, "काका, ओपन सोर्समध्ये काम केलेले असले की प्लेसमेंटला बरे पडते म्हणतात. पण प्रकल्प शोधायचा कुठे?" ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईने लगेच पुस्ती जोडली, "हिच्या वर्गातल्या सगळ्यांनी काही ना काही केलेय, हिचेच राहिलेय." इंदूरमधल्या आपल्या बऱ्याच घरांतून हा प्रश्न येतो, म्हणून सगळ्यांसाठीच थोडे सविस्तर लिहितो.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, ते ओपन सोर्स. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स आज आपल्या अँड्रॉइड फोनच्याही पोटात आहे. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस ही याच घरातली. अशा प्रकल्पात बाहेरचा माणूस दुरुस्ती सुचवतो, तिला गिटहबवर पुल रिक्वेस्ट म्हणतात. प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती, म्हणजे मेंटेनर, ती तपासून स्वीकारते किंवा नाकारते. यातले अनेक मेंटेनर नोकरी सांभाळून, बिनपगारी हे काम करतात. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

गेल्या काही वर्षांत या दारावर फार गर्दी झाली. ऑक्टोबर महिन्यात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळत असे. 2020 साली टी-शर्टच्या मोहाने निरर्थक बदलांचा असा पूर आला की आयोजकांना महिना संपायच्या आतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांची तयारी असेल, तेच यापुढे धरले जातील. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रसिद्ध प्रकल्पावर हीच पाळी आली. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवणारा एक व्हिडिओ पाहून विद्यार्थ्यांनी त्याच्या रीडमी फाइलमध्ये स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्या ढिगाने पाठवल्या. त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता, हे कबूल केलेले बरे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. शिकवणाऱ्याने दाखवले तसे त्यांनी केले. पण समोर एक माणूस बसून हे सगळे वाचतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड युटिल्सचे प्रकरण उघडकीला आले. फाइली दाबून लहान करणारा हा छोटा प्रकल्प असंख्य लिनक्स संगणकांवर असतो आणि तो मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी 2021 पासून मदत करत विश्वास मिळवला, सहमेंटेनर झाला आणि शेवटी कोडमध्ये चोरवाट ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून ती सापडली. आता अनोळखी मदतनिसाकडे जरा निरखून पाहिले जाते, त्याचे एक कारण हे आहे.

यात भर पडली ती एआयची. न वाचता, न चालवून पाहता, यंत्राकडून लिहून घेतलेला कोड आणि दोषांचे अहवाल मेंटेनरांकडे येऊ लागले. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग 2024 पासून याबद्दल जाहीर तक्रार करत आहेत. जेंटू लिनक्सने तर एप्रिल 2024 मध्ये एआयने तयार केलेल्या योगदानावर बंदीच घातली. कोड लिहायला मिनिट लागते, पण तपासायला तास लागतो, आणि तो तास दुसऱ्याचा असतो.

मग नवख्याने काय करायचे? माझ्या मते प्रकल्पांच्या याद्या चाळण्यापासून सुरुवात करू नये. आठवडाभर आपण कोणकोणती ओपन सोर्स साधने वापरली ते लिहून काढावे. जे रोज वापरतो त्यातला दोष आपल्याला आधी कळतो, आणि तो नीट सुटला की नाही हेही कळते. त्यातून दोन-तीन नावे निवडावीत आणि प्रत्येकाचे चार गोष्टींवरून परीक्षण करावे. शेवटचा बदल महिन्याभरातला आहे का? बाहेरच्या लोकांच्या पुल रिक्वेस्टना उत्तरे मिळतात का, आणि कोणत्या भाषेत? योगदानाचे नियम लिहून ठेवले आहेत का? आणि तो कोड आपल्या संगणकावर चालवता येतो का? शेवटचे जमले नाही तरी हरकत नाही. कुठे अडले ते मुद्देसूद लिहून कळवले, की तेच पहिले योगदान होते.

बरेच प्रकल्प सोप्या कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावतात. ती उपयोगी असते, पण तिच्यावर उड्याही तितक्याच पडतात. "हे काम मला द्या" एवढेच लिहिण्यापेक्षा दोष स्वतः घडवून पाहावा, काय दिसले ते सांगावे आणि मग उपाय सुचवावा. गूगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे आणि 2022 पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुले आहे. तिथेही अर्जाच्या आधी काही महिने त्या प्रकल्पात वावरलेल्याचे पारडे जड असते.

आणि एक काम असे आहे जे आपणच करू शकतो. बऱ्याच सॉफ्टवेअरना देवनागरी म्हणजे हिंदी असेच वाटते. मराठी ल आणि श यांची वळणे वेगळी, 'दर्या' वेगळा आणि 'दऱ्या' वेगळ्या, आचार्यांना जेवायला बोलवायचे आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला, हे मराठी न येणाऱ्या प्रोग्रामरला कसे कळणार? फॉन्ट, कीबोर्ड, शब्दतपासणी, छापील मजकूर वाचणारे टेसरॅक्ट, सगळीकडे हे तपासायला डोळस मराठी माणूस हवा असतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि विकिपीडियामागचे मीडियाविकी यांच्या मराठी भाषांतराला कोडिंग येण्याचीही गरज नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये तर आपला आवाज देता येतो. इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी अशा संग्रहात उतरली नाही, तर उद्याच्या यंत्रांना आपले बोलणे परकेच वाटेल. हे काम आजी-आजोबांनाही जमेल, आणि नातवंडांना शेजारी बसवून करता येईल.

पालकांना एक विनंती. "किती केलेस?" असे विचारू नका, "काय दुरुस्त केलेस आणि ते कोणाच्या उपयोगी पडले?" असे विचारा. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही जाणता माणूस नेमके हेच विचारतो.

त्या मुलीने नंतर रोज वापरत असलेल्या एका ॲपमधली मराठी भाषांतराची चूक शोधून कळवली. तीन आठवडे उत्तर आले नाही. मग एका ओळीचे आले: उदाहरण देता का? तिने दिले. दुरुस्ती झाली. शब्द एकच होता, पण तो आता ते ॲप मराठीत वापरणाऱ्या प्रत्येकाला बरोबर दिसतो.