मोठ्यांनी जादूच्या गोष्टी वाचू नयेत?

"अजून हॅरी पॉटर? अगं, वीस वर्षांची झालीस ना!" हे वाक्य मी घरी, मेसमध्ये आणि एकदा तर चक्क व्हायवाच्या रांगेत ऐकलंय. बोलणाऱ्याचं म्हणणं साधं असतं. जादू, ड्रॅगन, उडणारे झाडू हे दहावीपर्यंत ठीक. पुढे माणसाने एकतर अभ्यासाचं वाचावं, नाहीतर गंभीर काहीतरी. मित्रांनो, मला हे अजिबात पटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकाला चिकटवलेलं वय बरेचदा दुकानदाराच्या सोयीचं असतं. हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ साली इंग्लंडमध्ये आला. मोठी माणसंही तो वाचतायत म्हटल्यावर प्रकाशकाने १९९८ मध्ये खास मोठ्यांसाठी आवृत्ती काढली. आतला शब्दन्‌शब्द तोच, फक्त कव्हर गंभीर! आपल्याकडे उलटं झालं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी मुळात बालवाङ्मय नव्हत्याच. त्या छोट्यांच्या कपाटात नंतर गेल्या. आणि दर्जाचं म्हणाल, तर फिलिप पुलमन यांच्या 'द अँबर स्पायग्लास'ला २००१ सालचा व्हिटब्रेड 'बुक ऑफ द इयर' मिळाला, तोही मोठ्यांच्या पुस्तकांना मागे टाकून. मुलांसाठीच्या पुस्तकाला हा मान तेव्हा पहिल्यांदाच मिळाला.

दुसरं म्हणजे पुस्तक तेच राहतं, पण वाचणारा बदलतो. बाराव्या वर्षी पाचव्या भागातली अम्ब्रिज मला फक्त एक खडूस बाई वाटली होती. आता वाचताना वेगळंच दिसतं. गुलाबी कपडे, गोड आवाज आणि भिंतीवर रोज एक नवा नियम. वर्गात प्रॅक्टिकल बंद, नुसती थिअरी! मग मुलं लपूनछपून एकत्र जमतात आणि एकमेकांना शिकवतात. सत्ता कशी चालते आणि शिक्षण म्हणजे काय, हे इतक्या सोप्या भाषेत मला दुसरीकडे सापडलं नाही. इंजिनीअरिंगवाल्यांना तर हे लगेच कळावं!

तिसरा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. हॉस्टेलमध्ये आपण मार्क्स, केटी, प्लेसमेंट यावर तासन्‌तास बोलतो. भीतीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. फर्स्ट इयरला मला रात्र रात्र झोप लागायची नाही. बाजूच्या खोलीतही तेच चालू होतं, हे वर्षभराने कळलं. त्या दिवसांत मी उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचलं. पुस्तक १९६८ चं. गेड नावाचा हुशार मुलगा फुशारकी मारायला नको तो मंत्र म्हणतो आणि त्यातून एक सावली सुटते. तो पळत राहतो, ती मागे लागते. शेवटी त्याचे जुने गुरू सांगतात, वळ आणि तूच तिच्या मागे लाग. ती समोर येते तेव्हा तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. त्या गोष्टीने माझी भीती गेली नाही, पण तिला नाव देता आलं. दुसऱ्या दिवशी मी रूममेटशी बोलू शकले.

"ही सगळी पळवाट आहे," असं कुणी म्हणेल. थोडीफार आहेच! पण रात्री दोनपर्यंत रील्स बघणं काय आहे मग? आणि या प्रकारातलं सगळंच काही भारी नसतं. एक पुस्तक चाललं की त्याच्या दहा झेरॉक्स निघतात. ते टाकाऊच. तसं टाकाऊ तर 'गंभीर' पुस्तकांतही असतंच की.

मी कॉन्व्हेंटमधली, माझं मराठी वाचन अडखळत चालतं. पण 'हॅरी पॉटर आणि परीस' हा मराठी अनुवाद घरी आणला तेव्हा तो माझ्याआधी आईने संपवला, आणि मग फोनवर आम्ही जेवणाशिवाय दुसरं काहीतरी बोलायला लागलो.

म्हणून सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. आपल्या लायब्ररीत टेक्स्टबुकांच्या शेजारी एक कप्पा या पुस्तकांसाठी द्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आणि जमलं तर पहिलं पुस्तक तुमच्याच नावावर इश्यू होऊ दे. मग आम्हाला कुणी वय विचारणार नाही!