हॅटबॉक्सवालं भूत कुठे उभं राहावं?

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये ९ ऑगस्ट १९६९ रोजी ‘हॉन्टेड मॅन्शन’ सुरू झालं. तेव्हापासून गाडीत बसून पाहायच्या या भुताटकीच्या वाड्यात काहीही हललं की चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, वॉल्टच्या माणसांनी जे उभं केलं त्याला हात लावायचा नाही. दुसरा म्हणतो, डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही असं खुद्द वॉल्ट डिस्नेच सांगून गेले, मग तक्रार कसली? आणि फेरी संपल्यावर समोर येणाऱ्या टी-शर्ट, मग, पिनांच्या दुकानाकडे पाहून दोन्ही तटांतले बरेचजण नाक मुरडतात. या तिन्ही भूमिका मला अमान्य आहेत.

आधी ‘मूळ रूप’वाल्यांचा पूर्वपक्ष घेऊ. मूळ म्हणजे कोणतं? वाड्याचं बाहेरचं बांधकाम १९६३ मध्ये पुरं झालं आणि पुढची सहा वर्षं तो रिकामाच उभा होता. मधल्या काळात कारागीर आणि कलावंत १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या कामात गुंतले. १५ डिसेंबर १९६६ ला वॉल्ट डिस्ने गेले. पूर्ण झालेली फेरी त्यांनी पाहिलीच नाही. १९५७ च्या सुमारास डिस्नेचे कलावंत केन अँडरसन यांनी या वाड्यासाठी रीतसर कथानकं लिहिली होती. त्यांतल्या एकात नववधूचा खून करणारा दर्यावर्दी कप्तान होता. ती सगळी बाजूला पडली. क्लॉड कोट्स यांना सुनसान, अंगावर येणारी जागा हवी होती, तर मार्क डेव्हिस यांना हसवणारी, नाचणारी भुतं. आज आपण जे पाहतो त्याचा पहिला भाग कोट्स यांच्या वळणाचा आहे आणि दुसरा डेव्हिस यांच्या. दोन मोठ्या कलावंतांच्या मतभेदातून, तडजोडीतून आणि खोडाखोडीतून जन्मलेल्या गोष्टीला एका माणसाची अचल संहिता मानणं हा त्या कलावंतांवरच अन्याय आहे.

आणि सर्वांत मोठी खोडाखोड त्यांनी स्वतःच केली. माळ्यावरच्या दालनात काळीज धडधडणाऱ्या एका वधूच्या भुतासमोर एक म्हातारं भूत उभं होतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपीचा डबा. वधूच्या काळजाचा ठोका पडला की भुताचं मुंडकं धडावरून नाहीसं व्हायचं आणि डब्यात दिसायचं. निदान बेत तसा होता. प्रत्यक्षात पाहुण्यांना फिरवणाऱ्या गाड्या फार जवळून जात, उजेडही आवरेना, आणि धडावरचं मुंडकं काही पुरतं नाहीसं होईना. मग उद्घाटनानंतर थोड्याच काळात ‘हॅटबॉक्स घोस्ट’ काढून टाकलं गेलं. जादू फसत असेल तर ती ठेवायची नाही, हा निवाडा मूळ निर्मात्यांचा. मूळ रूपाची शपथ घेणाऱ्यांनी हा निवाडाही त्या मूळ रूपातच मोजला पाहिजे.

मग दुसरा तट खरा का? तोही नाही. वॉल्ट डिस्ने यांच्या त्या उद्गारातून बदल करण्याची मुभा मिळते, कोणताही बदल चांगला ठरत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासतात. गळकं छत नीट करणं हाही बदल आणि दगड रंगवणं हाही बदलच. फरक ओळखायचा तर ते देऊळ कशामुळे देऊळ आहे हे आधी कळायला हवं.

या वाड्याचा प्राण त्याच्या क्रमात आहे. तुम्ही काळ्या ‘डूम बग्गी’त बसता. तिच्या उंच पाठीमुळे आजूबाजूचं झाकलं जातं आणि गाडी ठरलेल्या क्षणी तुम्हाला ठरलेल्या दिशेला वळवते. काय पाहायचं हे सिनेमात कॅमेरा ठरवतो, इथे गाडी ठरवते. सुरुवातीला पुऱ्या देहाचं भूत कुठेच नसतं. न संपणाऱ्या व्हरांड्यात मेणबत्त्यांचं झाड अधांतरी तरंगतं. शवपेटीचं झाकण उचलू पाहणारे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. दारं आतून फुगतात. घड्याळ तेराचे ठोके देतं. मग प्लँचेटची खोली येते आणि काचेच्या गोलातलं मादाम लिओटाचं मस्तक भुतांना साद घालतं. त्यानंतर, आणि त्यानंतरच, खाली नाचघरात आरपार दिसणारी जोडपी गिरक्या घेऊ लागतात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रंगमंचावर गाजलेली ‘पेपर्स घोस्ट’ ही काचेतल्या प्रतिबिंबाची युक्ती इथे अवाढव्य काचा लावून वापरली आहे. पुढे स्मशानात तर जत्राच भरते. आधी चाहूल, मग संशय, मग दर्शन. कोण कसं मेलं, कोणी कोणाला मारलं, हे वाडा सांगत नाही. प्रत्येक पाहुणा स्वतःची गोष्ट घेऊन बाहेर पडतो.

या कसोटीवर २००६ मध्ये माळ्यावर आलेली कॉन्स्टन्स ही नवी वधू टिकत नाही. तिच्याआधी तिथे अंधारात उभी असलेली, छातीत लाल काळीज धडधडणारी एक वधू होती. ती कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉन्स्टन्सला नाव मिळालं, कुऱ्हाड मिळाली, मारलेल्या नवऱ्यांच्या तसबिरी मिळाल्या, टाळीची वाक्यं मिळाली. तिच्या बाजूने म्हणतात, मुलांना गोष्ट लागते. पण १९६९ पासून सदतीस वर्षं मुलं त्या निनावी वधूसमोरून श्वास रोखून जातच होती. गोष्ट त्यांच्यापाशी होती, कॉन्स्टन्सने ती हिरावून घेतली. २०२५ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तिला हटवून पुन्हा एक निनावी, खिन्न वधू आणली गेली. व्यवस्थापनाचा हेतू कोणताही असो, त्या बदलाचं मी मनापासून स्वागत करतो. २००१ पासून सणांच्या हंगामात वाड्यावर ‘नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या चित्रपटाचा साज चढतो. त्यावरही वाद होतात, पण तो हंगाम सरला की उतरतो, म्हणून त्याची मला चिंता नाही.

आता दुकान. बाजारूपणाने कला मरते, असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी एक तबकडी दाखवीन. १९६९ मध्येच डिस्नेने या वाड्याची कथा-गाण्यांची रेकॉर्ड काढली. तिच्यासोबतच्या सचित्र पुस्तिकेत हॅटबॉक्सवालं भूत होतं. वाड्यातून ते गेलं, पण घराघरांत त्या पानावर राहिलं. ज्यांनी ते प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं अशी मुलं त्याला ओळखत वाढली. ते खरंच होतं की नुसती दंतकथा, यावर मोठेपणी त्यांनी वर्षानुवर्षं वाद घातले, जुने फोटो धुंडाळले. पुढे त्याच्या पिना आल्या, मूर्ती आल्या, चाहत्यांनी त्या घेतल्या. मे २०१५ मध्ये, डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षी, ते माळ्याजवळ परतलं. या वेळी नव्या तंत्रामुळे मुंडकं खरोखर नाहीसं होतं. चार दशकांहून अधिक काळ हे भूत विकाऊ वस्तूंनी आणि त्या जपणाऱ्या माणसांनी जगवलं. तेव्हा मॅन्शनचा मग विकत घेणाऱ्या चाहत्याला बाजाराचा गुलाम म्हणू नका. ज्या वस्तू त्याने कपाटात जपून ठेवल्या, त्याच या भुताच्या एकनिष्ठ साक्षीदार ठरल्या.

माझं भांडण दुकान आतली मांडणी ठरवू लागतं तिथे आहे. एखादं पात्र लोकप्रिय आहे म्हणून ते दिसेल तिथे उभं करायचं, हा विचार दुकानाच्या शेल्फला शोभतो, फेरीला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानात असलेल्या दुसऱ्या ‘हॉन्टेड मॅन्शन’मध्ये हेच भूत आलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आलेल्या, या वाड्यावरच्या चित्रपटात ते खलनायक होतं, म्हणून काहींनी हा चित्रपटाच्या जाहिरातीचा प्रकार ठरवला. तो आरोप मी करत नाही, कारण त्याच्या येण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली होती. माझा आक्षेप जागेला आहे. त्याला न संपणाऱ्या व्हरांड्याजवळ, प्लँचेटच्या खोलीच्या बरंच आधी उभं केलं आहे. लिओटाने अजून कोणाला साद घातलेली नाही, आणि हा डोक्यापासून पायापर्यंत दर्शन देतो. मग लिओटा बोलावते कोणाला? मेणबत्त्यांचं झाड कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आता कोणाला पडेल?

त्याला काढून टाका, अशी माझी मागणी नाही. चाहत्यांनी ज्याच्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली ते भूत फ्लोरिडातही असावं, त्याचा मुखवटाही खुशाल विकावा. पण त्याला माळ्यावर न्या, वधूच्या जवळ, तिच्या काळजाचे ठोके ऐकू येतील इतक्या अंतरावर. खर्च येईल, फेरी काही दिवस बंद ठेवावी लागेल. तेवढे दिवस लोक थांबतील.