डिस्कच्या भांडणातला आपल्यासाठी धडा



परवा शाळेचं कपाट आवरताना पाठांच्या सीडींचा गठ्ठा सापडला. लोकवर्गणीतून घेतलेल्या. सीडी चांगल्या आहेत, पण लावायच्या कशात? नव्या लॅपटॉपला सीडीची सोयच नाही!

अशीच गत २००६ साली बाजारात आलेल्या एका डिस्कची झाली. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स या कंपन्या ब्लू-रेच्या बाजूने, तर तोशिबा एचडी डीव्हीडीच्या. दोन्हींत निळाच लेझर, तरी एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरवर चालत नसे. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रे निवडली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. भांडण कंपन्यांचं, भुर्दंड मात्र एचडी डीव्हीडी घेतलेल्या ग्राहकाला.

आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या पैशातून गावकरी शाळेला वर्गणी देतात. तो पैसा असा अडकू नये. म्हणून डिजिटल साहित्य घेताना चित्र किती छान दिसतं हे नंतर बघा. आधी विचारा, ‘हे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालेल का? कॉपी करून ठेवता येईल का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर घेऊ नका.

आणि हो, जुन्या सीडी असतील तर चालू ड्राइव्ह मिळतोय तोवर त्यातले पाठ पेनड्राइव्हवर काढून घ्या.