हसत खेळायची लढाई

युद्धावर हसावे का? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘छे, भलतेच काय!’ असे येते. लढाई म्हटली की आपल्याला पोवाडा आठवतो, डफावरची थाप आठवते. त्यामुळे इंग्लंडात चांगली पिकल्या केसांची माणसे टेबलावर महायुद्धातले खेडेगाव मांडून, फासे टाकत, पोट धरून हसत लढाई खेळतात असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. मला मात्र हा खेळ आवडतो आणि त्यातले हसू मला इतिहासाशी प्रामाणिक वाटते.

खेळ साधारण असा. सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल. त्यावर चर्च, पब, बदकांचे तळे आणि झुडपांची कुंपणे. माणसे जेमतेम २८ मिलिमीटर उंचीची, बारीक कुंचल्याने हाताने रंगवलेली. साल १९४०. आकाशातून जर्मन छत्रीधारी सैनिक उतरलेत आणि त्यांना अडवायला उभे कोण, तर बँकेचा मॅनेजर, म्हातारा खाटीक, गावचे पाद्री आणि सायकलवरच्या नर्सबाई. चाल पट्टीने इंच मोजून करायची, नेम लागला की नाही ते फाशाने ठरवायचे. ऐन धुमश्चक्रीत एखादा पत्ता निघतो आणि गाईंचा कळप रस्ता अडवतो, नाहीतर चहाची वेळ होते!

प्रत्यक्षात हा हल्ला झालाच नाही. पण बँकेचा मॅनेजर आणि खाटीक काही कल्पनेतले नव्हेत. १४ मे १९४० रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना गावाच्या रक्षणासाठी पुढे येण्याचे आवाहन केले. जुलैअखेर नावे नोंदवणारे १० लाखांच्या पलीकडे गेले. चर्चिल यांच्या आग्रहाने या दलाचे नाव ‘होम गार्ड’ ठेवले गेले. माणसे मिळाली, बंदुका कुठे होत्या? कोणी शिकारीची बंदूक आणली, कोणी काठीला सुरी बांधली. १९४१ मध्ये तर सरकारने लोखंडी नळीला जुनी संगीन जोडून भाले तयार करवले. विसाव्या शतकात, रणगाड्यांपुढे भाले! शत्रूला वाट सापडू नये म्हणून गावोगावचे दिशादर्शक खांब उपटले गेले आणि वाट चुकू लागले ते आपलेच लोक. चर्चच्या घंटा हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री काही ठिकाणी त्या वाजल्याही. शत्रू मात्र आलाच नव्हता.

आता सांगा, हसू कोणी बाहेरून आणून चिकटवले का? ते त्या काळातच होते. बीबीसीवर १९६८ ते १९७७ या काळात गाजलेली ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका ज्यांच्या डोक्यातून निघाली, ते जिमी पेरी स्वतः पोरवयात होम गार्डमध्ये होते. स्वतःच्या फजितीवर हसायचा हक्क त्यांनी कमावला होता.

अशा खेळांचा एक पूर्वज म्हणजे एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे १९१३ चे पुस्तक. तेच ते विज्ञानकथा लिहिणारे वेल्स. खेळण्यातल्या शिपायांनी घराच्या जमिनीवर लढाई कशी खेळावी याचे नियम त्यांनी लिहिले. हा लुटुपुटीचा खेळ दोनचारदा खेळला, की खरे युद्ध किती गचाळ प्रकरण असेल ते उमगते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळणाऱ्यांनी ते पेटवले नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. इंग्लंडच्या खेड्यात शत्रू उतरला नाही, म्हणून तिथे हसता येते. १९४२ साली नाझींनी चेकोस्लोव्हाकियातले लिडित्से हे गाव जमीनदोस्त केले, पुरुषांना गोळ्या घातल्या. त्या गावाची लढाई कोणी फासे टाकून, चहाचा पत्ता काढून खेळणार नाही आणि खेळूही नये. शिवाय होम गार्डमधलेही बाराशेहून अधिक लोक सेवेत असताना दगावले. म्हणून मर्यादा कुठे, हे विचारलेच पाहिजे. माझ्या मते ती साधी आहे: आपल्या घाबरण्यावर, आपल्या गोंधळावर, आपल्या बढाईवर खुशाल हसावे, दुसऱ्याच्या जखमेवर हसू नये. भाला घेऊन उभ्या राहिलेल्या खाटकाला हसताना, तो पळून न जाता उभा राहिला हेही विसरू नये. चांगल्या खेळात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. नुसत्या शौर्यगाथेत मात्र पहिली गळून पडते आणि मुलांना वाटू लागते, की युद्धात सगळे वीरच असतात.

आपल्या घरी हे येते कुठे? दिवाळीतल्या किल्ल्यावर. दगडमातीचा डोंगर, अळिवाची हिरवळ, सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. आणि बुरुजावर बुरुजापेक्षाही उंच असा एक पहारेकरी! शेजारी गवळण, भाजीवाली, विहीर. मुलांच्या किल्ल्यात लढाई आणि गाव एकत्रच नांदतात. पण हल्ली स्पर्धेच्या नादात वडीलमंडळी पट्टी घेऊन बसतात, उंच पहारेकऱ्याला खाली उतरवतात आणि गवळणीला ‘इथे हिचे काय काम?’ म्हणून डब्यात घालतात.

ते करू नका. उलट मुलांजवळ बसा आणि विचारा: वेढा पडला तर या विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल? भाजीवाली माल कुठून आणेल? पहारेकऱ्याला रात्री डुलकी लागली तर? मुले हसतील, भन्नाट उत्तरे देतील. त्या हसण्यातच त्यांना कळेल, की किल्ल्यावर माणसे राहत होती आणि त्यांना भूक, झोप आणि भीती होती.