एक खोली जास्त

‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडील सांगून गेले. हल्ली शहरात बांधण्याचा प्रश्नच उरला नाही. नुसते पाहायचे असते. आणि पाहायला नवराबायको जोडीने जातात, तिथूनच पंचाईत सुरू होते.

गेल्या पंधरवड्यात आमचा पुतण्या व सूनबाई पुण्याहून आली. चहा होतो न होतो तोच त्याने दोन कागद पुढे सरकवले. ‘‘काका, आता तुम्हीच सांगा.’’ असे कोणी म्हटले की शहाण्याने चष्मा शोधण्याच्या निमित्ताने उठावे. मी बसून राहिलो!

एका कागदावर ९० लाखांची जागा, दुसऱ्यावर ६५ लाखांची. फरक एका खोलीचा. मोठी जागा बायकोला हवी असते, असा आपला वाचकहो, एक समज असतो. इथे उलटे होते. मोठी पुतण्याला हवी होती, आणि सूनबाई ६५च्या वर एक पाऊल टाकायला तयार नव्हती.

ती आकडेमोड करूनच आली होती. ९० लाखांवर बँक फार तर ८० टक्के, म्हणजे ७२ लाख देणार. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर महिना हप्ता ६२,४८३ रुपये. पहिल्या हप्त्यातले ५१,००० नुसते व्याजात जातात, मुद्दलात पडतात अकरा-साडेअकरा हजार. वीस वर्षांत त्या ७२ लाखांचे जवळजवळ दीड कोटी भरायचे. लहान जागेचा हप्ता ४५ हजारांच्या आसपास.

‘‘आणि वरचे १८ लाख? मुद्रांक?’’ मी विचारले.

‘‘मुद्रांक पुण्यात सात टक्के,’’ पुतण्या म्हणाला, ‘‘पण जागा एकट्या हिच्या नावावर घेतली तर एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. ९० हजार वाचतात.’’

‘‘मग घे की माझ्या नावावर!’’ सूनबाई म्हणाली. पुतण्याने बिस्किट उचलले. सरकारची ही सवलत दोघांची नावे घातली की मिळत नाही. किती घरांत त्यावरून बिस्किटे खाल्ली गेली असतील कोण जाणे.

इतका वेळ आमची ही करंज्या भरत गप्प होती. ती एकदम म्हणाली, ‘‘ती जास्तीची खोली कोणासाठी रे?’’

‘‘आईसाठी. बाबा गेल्यापासून ती गावी एकटीच असते, काकू.’’

‘‘तिला विचारलंस?’’

पुतण्या काही बोलला नाही. सूनबाईने त्याच्याकडे पाहिले. ‘‘हे तू मला एकदासुद्धा सांगितलं नाहीस. मला वाटलं, मित्रांना दाखवायला.’’

‘‘तू तरी काय सांगितलंस? नुसतं ‘झेपणार नाही, झेपणार नाही’.’’

‘‘हप्ता दोघांच्या पगारावर धरलाय आपण. माझा मध्येच थांबला तर?’’

‘‘तो कशाला थांबेल?’’

सूनबाई कपाकडे पाहू लागली. हिने करंजी खाली ठेवली आणि मला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितले. पुतण्याला अजून काही उमगले नव्हते. पुरुषांना आकडे चटकन समजतात, एवढेच.

माझे मत विचाराल तर हप्ता एका पगारात बसावा. दुसरा पगार आजारपण, बाळंतपण आणि पाहुण्यांसाठी मोकळा असावा. पण ते मी ओट्यावर उभा राहून तुळशीला सांगितले. आत कोणी तरी रडत होते आणि कोणी तरी हसत होते.

रात्री पुतण्याने गावी फोन लावला. वहिनींचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू येत होता. ‘‘अरे, माझी शेळी कोण बघणार? बाळंतपणाला येईन मी, तीन महिने. स्वयंपाकघरात निजेन.’’

‘‘तुला कोणी सांगितलं, आई?’’

‘‘काकूनं. दुपारीच.’’

दोन्ही कागद आमच्याकडेच राहिले आहेत. हिने त्यांवर करंज्या निथळायला ठेवल्या. ६५ लाखांचा तेवढा बाजूला काढून, घडी घालून डब्याखाली सरकवलेला मी पाहिला.