खुर्ची उबवणे

गेल्या महिन्यातली गोष्ट. करकंबच्या आमच्या घराच्या ओसरीवर मी वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. शेजारी नात स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडून बसली होती. मध्येच तिने विचारले, ‘‘आबा, इन्कम्बन्ट म्हणजे काय हो? निवडणूक आली की पेपरात रोज अँटी-इन्कम्बन्सी असते. अँटी म्हणजे विरुद्ध, ते कळले. पण कशाच्या विरुद्ध?’’

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. मी ऐटीत सांगून टाकले, ‘‘सध्या पदावर असलेला माणूस. खुर्चीवरचा.’’

तिने वहीत लिहून घेतले आणि सहज म्हणाली, ‘‘म्हणजे वाचनालयात तुम्ही!’’

ती हसली. मीही हसलो, पण जरा उशिराने. गावातल्या एका छोट्या वाचनालयाचा मी 19 वर्षे कार्यवाह आहे. त्या रात्री झोप येईना, तेव्हा कपाटातला जाड शब्दकोश काढला आणि तो शब्द मुळापासून पाहायला बसलो.

इन्कम्बन्टचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘इन्कम्बेरे’ हे तिथले क्रियापद. त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीवर रेलणे, अंग टाकणे, तिच्यावर आपला सगळा भार देणे. म्हणजे खुर्चीत रेलून बसलेला तो इन्कम्बन्ट, असे चित्र चटकन डोळ्यांपुढे येते. पण गंमत अशी, की लॅटिन लेखक हेच क्रियापद वल्ह्यांवर अंग झोकून होडी हाकणाऱ्या नावाड्यांसाठीही वापरत आणि अभ्यासाला स्वतःला वाहून घेण्यासाठीही. रेलणे आराम करण्यासाठी असते, तसे जोर लावण्यासाठीही असते. अंग टाकायचे ते उशीवर की वल्ह्यावर, एवढाच प्रश्न.

या शब्दाचे गणगोतही मोठे आहे. आडवे होणे, पडून राहणे या अर्थाच्या ज्या धातूपासून तो आला, त्याच घराण्यात ‘इनक्युबेटर’ जन्मला. कोंबडी अंड्यांवर बसते, त्या क्रियेचे नाव इनक्युबेशन. हे वाचले आणि मी चमकलोच! कारण ‘खुर्ची उबवणे’ हा वाक्प्रचार मराठीत आपण कधीपासून वापरतो. रोमन माणसाला मराठी येत नव्हते आणि आपल्या पूर्वजांना लॅटिन. तरी पदावर बसलेल्या माणसाकडे पाहून दोघांना उपमा सुचली ती एकाच कुळातली. फरक एवढाच, की कोंबडीच्या बसण्यातून पिल्ले बाहेर पडतात.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास आला तो चर्चच्या दारातून. एखाद्या गावच्या चर्चवर नेमलेला आणि तिथल्या उत्पन्नाचा धनी असलेला पाद्री म्हणजे इन्कम्बन्ट. इंग्लंडच्या चर्चमध्ये आजही तो याच अर्थाने चालतो. पुढे तो कोणत्याही पदाधिकाऱ्याला लागू झाला. त्याबरोबरच विशेषण म्हणून त्याला दुसरा अर्थ चिकटला. ‘इट इज इन्कम्बन्ट अपॉन यू’ असे इंग्रज म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचे असते, हे तुमचे कर्तव्य आहे, याची जबाबदारी तुमच्यावर आहे. म्हणजे एका अर्थी माणूस पदावर रेललेला आणि दुसऱ्या अर्थी पद माणसावर लादलेले. एकाच शब्दात स्वारही आहे आणि ओझेही.

आपल्या भाषेनेही हे दोन्ही अर्थ जपून ठेवले आहेत, फक्त वेगवेगळ्या शब्दांत. ‘पदारूढ’ झालेला माणूस घोड्यावर मांड टाकावी तसा पदावर चढलेला असतो. उलट ‘पदभार’ स्वीकारणारा डोक्यावर ओझे घेतो. हार-तुऱ्यांच्या समारंभात आपण ‘पदभार स्वीकारला’ असे म्हणतो आणि मनात समजतो ‘पदारूढ झाले’. सगळा घोटाळा इथेच आहे.

हा घोटाळा जुना आहे. आपल्याकडे पद म्हणजे वतन होते. ‘वतन’ हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ मायभूमी, राहते घर. पाटीलकी, कुळकर्ण वंशपरंपरेने चालत, आणि जे घरच झाले ते सोडावेसे कोणाला वाटेल? कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा 1950 साली झाला, मुलकी पाटलांचे पद रद्द करणारा 1962 साली. मंदिरे तरी कशी सुटतील? करकंबहून पंढरपूर हाकेच्या अंतरावर. विठ्ठल मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम 1973 चा. त्यावरचा वाद कोर्टकचेऱ्यांतून फिरत राहिला आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण कायदा ते निकाल या प्रवासाला चाळीस वर्षे लागली. कागदावरून हक्क पुसायला एक सही पुरते. मनातून ‘हे आमचे’ पुसायला पिढ्या जातात.

लोकशाहीत तरी काय निराळे झाले? सरपंचाच्या खुर्चीवर बसण्याच्या वाटा सरकारने कितीदा बदलल्या ते पाहा. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. 2011 साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2017 साली आली, 2020 साली गेली आणि 2022 साली परत आली. दरम्यान ‘सरपंचपती’ नावाचे एक अजब पदही तयार झाले, जे कोणत्याच कायद्यात नाही. सही करायची बाईंनी, सभेत बोलायचे त्यांच्या यजमानांनी. पदभार एकीवर आणि पदारूढ दुसराच! अर्थात, नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवून स्वतः कारभार हाकणाऱ्या सरपंचबाईही राज्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गावात गेले की फरक कळतो.

अमेरिकेत प्रतिनिधिगृहासाठी पुन्हा उभे राहणारे विद्यमान सदस्य बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांहून अधिक संख्येने निवडून येतात. त्यामुळे तिथे इन्कम्बन्ट असणे हा फायदा मानला जातो. आपण तो शब्द उसना घेतला तो मात्र पुढे ‘अँटी’ लावून. खुर्चीवरच्या माणसाचा कंटाळा आपल्याला चटकन येतो, आणि लोकशाहीत ते वाईटही नाही. पण हा कंटाळा आपण मुंबई-दिल्लीसाठी राखून ठेवतो. सोसायटीचा चेअरमन, देवस्थानचा विश्वस्त, मंडळाचा अध्यक्ष यांना मात्र वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही. आणि त्या यादीत शेवटी मी.

मी पैशाचा घोटाळा केलेला नाही. हिशेब चोख आहेत. दरवर्षी वार्षिक सभेत मी ‘‘आता मला मोकळे करा’’ म्हणतो, सभासद ‘‘तुम्हीच राहा गुरुजी’’ म्हणतात, चहा होतो आणि सभा संपते. 19 वर्षे हे नाटक चालले आहे. तीन वर्षांपूर्वी गावातली काही मुले-मुली अर्ज घेऊन आली होती. वाचनालय सकाळी सहाला उघडा, रात्री दहापर्यंत ठेवा, आम्ही पाळीपाळीने किल्ली सांभाळतो, असे त्यात होते. मी म्हणालो, ‘‘पाहू.’’ किल्ली परक्या हाती द्यायला मन होईना. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात राहिला. वाचनालय आजही संध्याकाळी सहाला बंद होते.

आणि म्हणूनच त्या संध्याकाळी माझी नात वाचनालयाच्या टेबलाशी नव्हती. ओसरीवरच्या दिव्याखाली, डास मारत, पुस्तक वाचत बसली होती. हे माझ्या ध्यानात आले ते शब्दकोश मिटल्यावर. दुसऱ्या दिवशी तो अर्ज खणातून काढला. खालच्या सह्यांत तिचीही सही होती. तीन वर्षांत तिने मला एका शब्दाने विचारले नव्हते.

आमच्या संस्थेत सचिवाला ‘कार्यवाह’ म्हणतात. कार्य वाहतो तो कार्यवाह. ही पाटी 19 वर्षे माझ्या टेबलावर होती. मी तिच्यावरची धूळ रोज पुसली, शब्द कधी वाचला नाही. येत्या वार्षिक सभेत तो अर्ज विषयपत्रिकेवर पहिला घेतला आहे आणि माझा राजीनामा दुसरा. ‘‘तुम्हीच राहा’’ असे कोणी म्हणू नये म्हणून राजीनामा लेखी दिला आहे.

सकाळची किल्ली मात्र सभेची वाट न पाहता मुलांच्या हाती सोपवली. पहिल्या दिवशी सहा वाजता मी मुद्दाम तिकडून फिरायला गेलो. दिवे लागले होते. आत जावेसे फार वाटले, गेलो नाही.