माफ करा, पुन्हा एकदा सांगता का?

समोरच्याचे बोलणे कळले नाही तरी मान डोलावून 'हो' म्हणण्याची सवय कुठेही महागात पडते. कोरियन माणसाशी बोलताना तर ती जास्तच नडते. नम्रपणे पुन्हा विचारण्याची रीत एकदा कळली, की संकोचही जातो आणि चुकाही टळतात.

समजा, एक मराठी तरुण एका कोरियन कंपनीत नव्याने लागला आहे. सहा महिने शिकवणी लावून तो थोडेफार कोरियन शिकला आहे. दुपारी साहेब जाता जाता त्याला बैठकीची वेळ सांगतात. त्याच्या कानावर 'शी' एवढेच नीट पडते. 'शी' म्हणजे 'वाजता', हे त्याला ठाऊक आहे. पण किती वाजता? कोरियन भाषेत 'से शी' म्हणजे तीन वाजता आणि 'ने शी' म्हणजे चार वाजता. फरक फक्त एका अक्षराचा! पुन्हा विचारले तर साहेब म्हणतील, याला साधी वेळही कळत नाही. या भीतीने तो हसून 'ने, ने' म्हणतो. 'ने' म्हणजे होय. साहेब निश्चिंत होऊन निघून जातात. तरुण चार वाजता पोहोचतो, तेव्हा तीनला सुरू झालेली बैठक संपून लोक बाहेर पडत असतात.

बैठक चुकली तर फार तर बोलणी खावी लागतील. पण हाच प्रसंग सोल शहरातील एखाद्या औषधाच्या दुकानात घडला तर? 'शिकजॉन' म्हणजे जेवणापूर्वी आणि 'शिखू' म्हणजे जेवणानंतर. नवख्या कानाला दोन्ही शब्द घाईघाईत सारखेच वाटू शकतात. तेथे नुसते 'ने' म्हणून गोळ्यांची पुडी उचलणे म्हणजे आपल्याच प्रकृतीशी खेळणे.

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुर येथे १९९८ मध्ये कोरियन मोटारींचे उत्पादन सुरू झाले. नोएडा, पुण्याजवळचे रांजणगाव, रायगड जिल्ह्यातील माणगाव या भागांत कोरियन कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. २०२३ मध्ये तळेगावचा मोटार कारखाना घेण्याचा करारही एका कोरियन कंपनीने केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियनचे नाव आहे. घराघरांत मुली कोरियन मालिका पाहतात, गाणी गुणगुणतात. अशा वेळी 'मला कळले नाही' हे नीट सांगता येणे ही साधी पण फार उपयोगाची गोष्ट आहे.

'ने' म्हणजे नेहमीच 'हो' नव्हे

कोरियन माणूस दुसऱ्याचे बोलणे ऐकताना मधूनमधून 'ने, ने' म्हणत राहतो. त्याचा अर्थ 'मान्य आहे' असा नसून 'ऐकतो आहे, बोला' एवढाच असतो. आपल्याकडे गोष्ट ऐकणारा 'हं, हं' करतो, तसेच हे.

गंमत म्हणजे या शब्दाचा 'न' बऱ्याचदा इतका पुसट उच्चारला जातो, की ऐकणाऱ्याला तो 'दे' वाटतो. मराठी कानाला 'ने' आणि 'दे' हे नेमके उलट अर्थाचे शब्द! पण कोरियनमध्ये दोन्ही ठिकाणी शब्द एकच असतो.

हाच 'ने' स्वर चढवून प्रश्नासारखा म्हटला, की त्याचा अर्थ होतो 'काय म्हणालात?' पुन्हा विचारण्याचा हा सर्वांत छोटा सभ्य मार्ग आहे. 'ये?' असेही म्हणतात. दुकानात, रस्त्यात, सहकाऱ्याशी बोलताना तो चालून जातो. पण चेहरा त्रासिक असेल किंवा आवाज वाजवीपेक्षा चढला, तर हाच 'ने?' उद्धट वाटू शकतो. म्हणून तो हलक्या आवाजात आणि मान किंचित पुढे झुकवून म्हणावा. आपल्याकडची डावीकडे-उजवीकडे मान डोलावण्याची लकब मात्र आवरावी. आपल्या दृष्टीने तो होकार असला, तरी कोरियन पाहुण्याला तो नकार वाटण्याचा संभव असतो.

मालिकेतली भाषा मालिकेतच बरी

मालिका पाहून कोरियन शिकणाऱ्यांची एक चूक हमखास होते. नायिका मैत्रिणीला 'म्वॉ?' म्हणते, म्हणजे 'काय?' प्रेक्षक मुलगी तोच शब्द उचलते आणि वर्गात कोरियन शिक्षिकेलाच विचारते, 'म्वॉ?' मराठी घरात नव्या सुनेने सासूबाईंच्या बोलण्यावर नुसते 'काय?' म्हणून ओरडावे, तसा हा प्रकार होतो.

आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा पायऱ्या आहेत. कोरियनमध्ये त्या क्रियापदाच्या शेपटीत असतात. बरोबरीच्या आणि लहान माणसांशी बोलायच्या भाषेला 'पानमाल' म्हणतात, तर आदराच्या भाषेला 'जोनदेन्माल'. वय, हुद्दा आणि ओळख किती जुनी आहे हे पाहून यांतली निवड होते. नवख्याने सरसकट आदराची भाषाच वापरावी. जास्त आदर दाखवला म्हणून कोणी रागावत नाही.

'म्वॉरागोयो?' हा शब्दही जपून वापरावा. व्याकरणाने तो आदराचाच आहे, कारण शेवटी 'यो' आहे. पण ठासून म्हटला तर त्याचा सूर 'काय म्हणालात? पुन्हा म्हणून दाखवा!' असा भांडणाचा होतो. त्याऐवजी 'म्वॉरागो हाश्यॉस्सॉयो?' म्हणजे 'आपण काय म्हणालात?' हे अधिक सौम्य आहे. तरीही वडीलधारी व्यक्ती किंवा वरिष्ठ समोर असतील, तर पुढचे वाक्यच पाठ असलेले बरे.

एक वाक्य, अनेक कामे

'च्वेसोंगहाजिमान, दाशी हानबॉन माल्सुमहे जुशिगेस्सॉयो?'

वाक्य लांबलचक दिसते, पण मराठी माणसाला ते जड जाऊ नये. कारण त्याची रचना आपल्या भाषेसारखीच आहे. 'च्वेसोंगहाजिमान' म्हणजे 'माफ करा, पण'. 'दाशी' म्हणजे पुन्हा, 'हानबॉन' म्हणजे एकदा. 'माल' म्हणजे बोलणे, पण आदरणीय व्यक्तीच्या बोलण्याला 'माल्सुम' म्हणतात. 'जु' या धातूचा अर्थ देणे. त्याला आदराचा 'शि' जोडला आहे आणि 'गेस्सॉयो'ने विनंती मऊ केली आहे. सगळे मिळून अर्थ होतो, 'माफ करा, पण पुन्हा एकदा सांगून द्याल का?' हिंदीतही आपण 'बता दीजिए' म्हणतोच. समोरचा सांगतो, म्हणजे आपल्याला काही देतो, ही भावना कोरियन भाषेतही आहे.

घाईत असाल तर शेवटी 'जुसेयो' म्हणजे 'द्या' म्हटले तरी चालते. मोठ्या सभेत किंवा अधिकाऱ्यांसमोर 'जुशिगेस्सुम्निक्का?' म्हणावे. मित्र असेल तर एवढ्या सोपस्काराची गरज नाही. 'दाशी मालहे ज्वॉ', म्हणजे 'परत सांग ना', पुरे.

समोरच्याला संबोधताना 'तुम्ही' या अर्थाचा शब्द शोधत बसू नये. शब्दकोशात 'तांगशिन' सापडतो, पण अनोळखी माणसाला तसे म्हटले तर भांडण उकरून काढल्यासारखे वाटते. आपण 'सर', 'मॅडम', 'काका' म्हणून वेळ निभावतो, तसे कोरियन लोक हुद्द्याने हाक मारतात. शिक्षकांना 'सॉनसेंगनिम', दुकानाच्या किंवा कंपनीच्या मालकाला 'साजांगनिम', विभागाच्या साहेबांना 'क्वाजांगनिम'. यांतला 'निम' हा आपला 'जी' समजावा.

ऐकू आले नाही की समजले नाही?

बोलणे न कळण्याची कारणे वेगवेगळी असतात. नेमके कारण सांगितले, तर समोरच्याला मदत करणे सोपे जाते. नाहीतर तो तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि ऐकणारा जिथल्या तिथे राहतो.

फोनवर आवाजच येत नसेल तर 'जाल आन दुल्ल्यॉयो', म्हणजे 'नीट ऐकू येत नाही'. आवाज आला पण शब्द निसटले, तर 'जाल मोत तुरॉस्सॉयो', म्हणजे 'माझ्याकडून नीट ऐकले गेले नाही'. शब्द ऐकू आले पण अर्थ लागला नाही, तर 'इहेरुल मोथेस्सुम्निदा', म्हणजे 'समजले नाही'. वेग जास्त असेल तर 'छॉनछॉनी', म्हणजे सावकाश, हा शब्द विनंतीत घालावा. आणि औषध, पत्ता किंवा रक्कम यांचा प्रश्न असेल तर सरळ कागद पुढे करून म्हणावे, 'जॉगॉ जुशिगेस्सॉयो?' म्हणजे 'लिहून द्याल का?'

या बाबतीत कोरियन सैनिकांची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. नवख्या शिपायाला वरिष्ठाचा हुकूम ऐकू आला नाही, तर तो 'पुन्हा सांगा' असे म्हणत नाही. स्वर चढवून एवढेच म्हणतो, 'जाल मोत तुरॉस्सुम्निदा?' म्हणजे 'माझ्याकडून नीट ऐकले गेले नाही'. पुन्हा सांगायचे काम वरिष्ठ आपणहून करतो. नम्रतेचे सारे मर्म यात आले. 'तुम्ही पुटपुटता' असे न म्हणता 'मी ऐकायला कमी पडलो' असे म्हटले, की समोरच्याचा मान राहतो आणि आपले कामही होते.

आकड्यांपाशी थांबा

सर्वांत जास्त घोटाळे आकड्यांत होतात. कोरियनमध्ये मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एक देशी, दुसरी चिनी वळणाची. घड्याळाचे तास देशी आकड्यांत सांगतात आणि मिनिटे चिनी वळणाच्या आकड्यांत! चिनी वळणाचा एक म्हणजे 'इल' आणि दोन म्हणजे 'इ'. तीन म्हणजे 'साम' आणि चार म्हणजे 'सा'. फोनवर हे किती फसवे होईल, याची कल्पना येईल.

पैशांचा हिशेब आणखी वेगळा. आपण लाख आणि कोटीत मोजतो, ते 'मान' म्हणजे दहा हजार आणि 'ऑक' म्हणजे दहा कोटी यांत मोजतात. त्यामुळे रक्कम ऐकली, की ती अंकांत लिहून दाखवून खात्री करून घेणे यात कसलाही कमीपणा नाही.

खुद्द कोरियन लोकही येथे अडखळतात. २०२० च्या जुलै महिन्यात तेथील सरकारने १७ ऑगस्टला जादा सुट्टी जाहीर केली. १५ ऑगस्ट हा आपल्याप्रमाणेच त्यांचाही स्वातंत्र्याचा दिवस. त्या वर्षी तो शनिवारी आला होता. शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी मिळाली. बातम्यांत 'साहुल' हा तीन दिवसांसाठीचा जुना देशी शब्द आला. पण 'सा' म्हणजे चार, म्हणून अनेकांना वाटले की सुट्टी चार दिवसांची आहे. मग या शब्दाचा अर्थ इंटरनेटवर शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. ज्यांची ती मातृभाषा, त्यांचीच ही गत. मग परक्याने पुन्हा विचारण्यात लाज कसली?

पूर्ण वाक्य आठवत नसेल तर जे ऐकले तेच प्रश्नार्थक स्वरात परत म्हणावे. 'से शियो?' म्हणजे 'तीन वाजता ना?' बरोबर असेल तर समोरचा 'ने' म्हणेल, चूक असेल तर दुरुस्त करेल. सुरुवातीच्या त्या तरुणाने एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर बैठक हुकली नसती.

प्रश्न त्यांनी विचारला तर?

कधी उलटही घडते. कोरियन पाहुणा, शेजारीण किंवा सहकारी आपले बोलणे न कळल्याने पुन्हा विचारतात. अशा वेळी बरेच जण तेच वाक्य अधिक मोठ्याने ओरडून सांगतात. समोरचा बहिरा नसतो, भाषेने परका असतो. आवाज वाढवण्यापेक्षा वेग कमी करावा, वाक्य लहान करावे, कठीण शब्दाऐवजी सोपा शब्द घ्यावा. आणि हसू तर मुळीच नये. एकदा हसे झालेला माणूस पुन्हा विचारत नाही. तो फक्त मान डोलावतो आणि गैरसमज तिथेच सुरू होतो.

पुन्हा सांगून झाल्यावर आभार मानायला विसरू नये. 'आ, ने. आल्गेस्सुम्निदा. काम्साहाम्निदा', म्हणजे 'अच्छा, समजले. आभारी आहे'. मात्र 'समजले' हा शब्द खरोखर समजल्यावरच उच्चारावा. दुसऱ्यांदाही कळले नाही, तर तिसऱ्यांदा विचारावे किंवा कागद पुढे करावा.

समोरच्याचे बोलणे महत्त्वाचे वाटते, म्हणूनच माणूस ते पुन्हा ऐकू इच्छितो. न कळता 'हो' म्हणणाऱ्याने वरवर मान राखलेला दिसतो, पण प्रत्यक्षात त्याने ते बोलणे वाऱ्यावर सोडलेले असते. ही गोष्ट सोलमध्ये जितकी खरी आहे, तितकीच आपल्या घरातही. आजोबांचे पुटपुटणे, मुलाचे घाईघाईतले बोलणे किंवा डॉक्टरांची सूचना कळली नसेल, तर नुसते 'हं' म्हणून पुढे जाऊ नये. थांबून, नम्रपणे म्हणावे, 'माफ करा, पुन्हा एकदा सांगता का?'